कोंडाजी आणि सोळा अंशांचा शोध

प्रेरणाने कोंडाजीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस आहे की लोणावळ्याचं एखादं हवामान, हे तिला पाच मिनिटं ठरवता आलं नाही. जुलैचा दुसरा आठवडा होता. धुकं इतकं दाट होतं की कॉलेजच्या फाटकातून आत येताना तिने आधी एका सिल्व्हर ओकला "नमस्कार सर" म्हटलं, मग नोटीस बोर्डाला वाट विचारली, आणि शेवटी गरम शेंगदाण्यांच्या वासाचा माग काढत ती पदार्थविज्ञान विभागात पोहोचली. तिथे एक कपाटाएवढा ओव्हन उघडला, आतून वाफेचा लोट आला, आणि समुद्रमंथनातून चौदा रत्नं एकदम एकाच्याच अंगावर पडावीत तसा कोंडाजी त्या लोटातून प्रकट झाला. डाव्या हातात प्राचार्यांचे बूट, उजव्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, खांद्यावर एनसीसीचे नऊ मोजे, डोक्यावर पापडांची परात आणि काखेत गॅदरिंगचा तबला.

"बाजूला व्हा ताई," तो म्हणाला, "तबला गरम हाय."

ती बाजूला झाली. कॉलेजात संशोधनासाठी आलेल्या विद्यार्थिनीचं स्वागत एवढंच झालं, पण पुढे तिच्या लक्षात आलं की त्या इमारतीत इतकं स्पष्ट आणि उपयोगी वाक्य दुसरं कुणी सहसा बोलत नाही.

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने काही वाळत नाही. काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीतून निघत नाही, आणि जूनमध्ये धुतलेला शर्ट गणपतीपर्यंत दमटच असतो. त्यामुळे पदार्थविज्ञान विभागातला ओव्हन हा कॉलेजचा खरा देव्हारा होता. पावसाळ्यात शिक्षक, कारकून, ग्रंथपाल, सगळे आपापलं ओलं घेऊन तिथे येत आणि कोंडाजी ते नंबर लावून वाळवून देई. सरकारी कागदावर तो 'प्रयोगशाळा परिचर' होता. स्वतःबद्दल तो "आमचं डिपार्टमेंट" असं बोलायचा. विभागप्रमुख बदलत, डिपार्टमेंट जागेवर असे.

पण कोंडाजीचा मूळ धंदा वाळवण्याचा नव्हता. पवनेच्या खोऱ्यातल्या गावातून तो सतरा वर्षांचा असताना लोणावळ्याच्या बाजारात आला आणि एका चिक्कीच्या दुकानात गुळाच्या कढईपुढे उभा राहिला, तो तेवीस वर्षं उभाच होता. उकळत्या पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडायचा आणि बोटाने चाचपायचा. थेंब विरघळला तर पाक कच्चा. मऊ गोळी झाली तर गोळीबंद, आणखी थांबा. काडकन मोडला तर ओता शेंगदाणे. या तीन वाक्यांवर त्याने तेवीस वर्षं आणि मुंबईच्या पर्यटकांच्या दोन पिढ्या काढल्या. मग मालकाने आकडे दाखवणारं यंत्र आणलं. शेवटचं वर्षभर कोंडाजी त्या यंत्राशेजारी उभा राहून, आपलं बोट काय म्हणतं आणि यंत्र काय म्हणतं, हे रोज पडताळून पाहत होता. वर्षाअखेरीला त्याला पाठ झालं होतं: गोळीबंद म्हणजे एकशे वीस, मोडका म्हणजे एकशे पंचेचाळीस. यंत्र आणि तो यांचं पूर्ण एकमत झालं त्याच महिन्यात मालकाने त्याला नारळ दिला.

"एवडं जुळलं नसतं तर मी ऱ्हायलो असतो," असं तो प्रेरणाला सांगायचा. त्यात तक्रार नसायची. आपल्याला यंत्राने मान्यता दिली, याचाच त्याला अभिमान होता. त्याची बायको सरुबाई मात्र म्हणायची, "आमटीत मीठ न्हाई ते कळत न्हाई, आन पाकाचा आकडा सांगत्यात."

प्रेरणा तळेगावची. स्टेशनजवळच्या सोसायटीतून रोज सकाळच्या गाडीने येणारी, डब्यात पोळीभाजी आणि डोक्यात बेरियम टायटनेट. हा एक पांढरा, दिसायला रांगोळीसारखा पदार्थ. पेरोव्स्काइट म्हणून स्फटिकांचं एक मोठं घराणं आहे, त्यातला. हा स्फटिक म्हणजे अणूंच्या खोल्यांची चाळ, आणि प्रत्येक खोलीच्या मध्यभागी टायटॅनियमचा एक अणू. मध्यभागी म्हणजे कागदोपत्री. गार असताना तो किंचित एका बाजूला सरकून बसतो, आणि शेजारचा तसा बसलाय म्हणून पलीकडचाही तसाच बसतो. तापवत नेलं की चुळबुळ सुरू होते, आणि एकशे एकवीस अंशांच्या आसपास सगळी चाळ मध्यभागी यायचं ठरवते. त्या ठरण्याच्या घटकेला बाहेरून विजेचा नुसता इशारा केला तरी सगळे झुकतात. पदार्थ विजेच्या इशाऱ्याला किती झुकतो, याच्या मापाला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. तापवाल तसा हा आकडा चढतो, एकशे एकविसाला शिखर गाठतो आणि पलीकडे उतरत जातो. प्रेरणाच्या वहीतली ती रेघ थेट लोहगडासारखी दिसायची.

तिने हे एकदा कोंडाजीला समजावलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे पाकावानीच की. अलीकडं पातळ, पलीकडं दगड. मदल्या घटकेला तुमी वळवाल तसं वळतंय."

तिच्या विषयाचं इतकं सुटसुटीत वर्णन तिच्या मार्गदर्शकांनी तीन वर्षांत केलं नव्हतं. मार्गदर्शक म्हणजे सुहास सर. ते सज्जन होते, उत्साही होते, आणि कुठल्याही प्रयोगाचा निष्कर्ष प्रयोगाच्या आधी त्यांना माहीत असायचा. त्यांचं म्हणणं होतं की बेरियम टायटनेटमध्ये चिमूटभर कॅल्शियम घातलं तर ते शिखर वर सरकेल, आणि गरम जागी चालणाऱ्या यंत्रांना हा पदार्थ जास्त उपयोगी पडेल. म्हणून प्रेरणाने पूड दाबून, भाजून, नाण्याएवढ्या टिकल्या केल्या. कोंडाजी त्यांना वड्या म्हणायचा, त्यामुळे सगळं कॉलेज वड्या म्हणू लागलं. काही साध्या वड्या, काही कॅल्शियमच्या. मोजायला एक नवी, पावाच्या पेटीएवढी भट्टी घेतली होती. तापमान मोजणारी तार मागच्या भोकातून मध्यभागी आणून एकदाच बसवली होती. तिथे मधे वडी ठेवायची, दार लावायचं आणि बाहेरच्या मीटरवर आकडे लिहीत बसायचं.

तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात साधी वडी मोजली. शिखर एकशे एकवीस. पुस्तकात होतं तसंच.

जुलैत कॅल्शियमची वडी मोजली. शिखर एकशे सदतीस.

प्रेरणाने तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकशे सदतीस. चौथ्यांदा, साधी वडीही पुन्हा घालून बघू का, असं तिने विचारलं तेव्हा सुहास सर म्हणाले, "प्रेरणा, लक्ष्मी दारात आल्यावर तिला आधारकार्ड मागू नये."

त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. 'पेरोव्स्काइट स्फटिकाचे शिखर सोळा अंशांनी सरकविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी सुहास सरांचा हात जोडलेला फोटो, वर प्राचार्य, खाली उजव्या कोपऱ्यात पासपोर्टएवढी प्रेरणा. डाव्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून एका प्लॉटिंगवाल्याचा फोटो होता. त्याचा शिखराशी संबंध कळला नाही, पण मावळात फ्लेक्स लागला की तो असतोच.

गुरुवारी सेमिनार होता. पुण्याहून दोन तज्ज्ञ येणार होते. त्यांनी काम मान्य केलं की महिन्याभरात प्रबंध सादर, आणि प्रबंध सादर झालेल्यांनाच अर्ज करता येईल अशी प्राध्यापकाची एक जागा याच विभागात निघाली होती. मुलाखती सप्टेंबरात. सहा वर्षांत निघालेली ती पहिली जागा होती. प्रेरणाच्या आईने सोसायटीत "आमची मॅडम होणार" असं सांगूनही टाकलं होतं.

त्याच सोमवारी दुपारी कोंडाजी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी तो सरळ आत यायचा. आज उंबऱ्यावर थांबून चपलेच्या अंगठ्याने फरशी टोकरत होता.

"काय भाऊ, फ्लेक्स बघितलात का?"

"बघितला. फोटू चांगला हाय." मग पुन्हा फरशी टोकरत, "ताई, त्यो आकडा कंच्या भट्टीतला?"

"याच. एकच तर आहे."

"मग चुकीचा हाय."

प्रेरणाने पेन खाली ठेवलं. "असं कसं म्हणता तुम्ही?"

"ही भट्टी जास्ती बोलतीया. शंभर दावती, पर आत शंभर नसतंय. शेंगदाण्याला कळतंय की."

"कुठल्या शेंगदाण्याला?"

कोंडाजीने छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग नाइलाजाने प्रेरणाकडे.

"तुम्ही माझ्या भट्टीत शेंगदाणे भाजता?"

"भाजत न्हाई!" कोंडाजीला खरोखर अपमान वाटला. "भाजाय घरी कढई हाय. वाळवतो निस्ता. मोटा ओवन जूनात जळाला, दुरुस्तीचा अर्ज अजून हापिसात फिरतोय. आन दमट दाण्याची चिक्की करू का मी? दाताला चिकटंल, माजं नाव जाईल."

इथे प्रेरणाला एक गोष्ट आठवली आणि तिला रागावता येईना. जुलैभर दर शनिवारी कोंडाजी विभागासाठी घरून चिक्की आणायचा. सगळ्यांत जास्त तीच खायची. मागच्या शनिवारी तर तिने आईसाठी पुडीही बांधून नेली होती.

"मी ऐंशीवर लावायचो," कोंडाजी सांगत होता. "दाणं मऊच. मग शंभरावर लावलं तवा कुटं ऐंशीवानी वाळलं. मला वाटलं, नवी भट्टी हाय, नव्या मानसावानी वाढवून सांगत आसंल. पर आज तुमचा आकडा फाटकावर लावला त्यांनी. म्हनून आलो. न्हाईतर मी दाण्याचं कुनाला सांगत न्हाई."

"भाऊ, शेंगदाण्यावरून शोध रद्द करता येत नाही."

"मग गुळावरून करूया," कोंडाजी म्हणाला.

तो गूळ घेऊनच आला होता. प्रयोगशाळेच्या स्पिरिटच्या दिव्यावर त्याने स्टीलच्या वाटीत पाक केला आणि गोळीबंदच्या थोडा अलीकडेच उतरवला. जिथे वडी ठेवतात तिथे वाटी ठेवली. प्रेरणाने भट्टी एकशे सदतिसावर लावली. तासाभराने कोंडाजीने चमच्याने थेंब काढून पाण्यात सोडला आणि बोटाने चाचपला. पंधरा मिनिटांनी पुन्हा. आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा. एकोणीस वर्षांनी कढईपुढे उभा राहिल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता, आणि त्या अर्ध्या तासात त्याला हाक मारायची कुणाची छाती झाली नसती.

"हात लावा," तो म्हणाला.

प्रेरणाने लावला. मऊ, गुळगुळीत गोळी.

"एकशे सदतीस आसतं तर ह्यो ताणल्यावर तुटला आसता. ह्यो गोळीबंदावर थांबलाय. एकशे वीस. दोन हिकडं-तिकडं."

प्रेरणा हसली. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं निघतंय असं वाटलं की जे हसू येतं, त्या प्रकारचं. पण घरी जाताना कामशेत, वडगाव अशी स्टेशनं मागे पडत होती आणि तिला फक्त ती मऊ गोळी दिसत होती. मंगळवारी ती पहिल्या गाडीने आली. सरांना न विचारता तिने मे महिन्यातली साधी वडी काढली, जिचं शिखर एकशे एकवीसला होतं, जिच्यात कॅल्शियमचा कणही नव्हता. ती भट्टीत ठेवली आणि आकडे लिहायला लागली.

शिखर आलं एकशे सदतीस.

म्हणजे कॅल्शियमने काही केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते भट्टीने केलं होतं. तिने भट्टी थंड होऊ दिली, दार उघडून टॉर्च मारला, आणि दिसलं. तापमान मोजणारी तार वडीजवळ नव्हतीच. कुणीतरी ती चार बोटं बाजूला वाकवली होती, आणि तिचं टोक थेट तापणाऱ्या वेटोळ्याशी जाऊन बसलं होतं. तार वेटोळ्याची गरमी सांगत होती, वडी बिचारी मधे बसून आपल्या गतीने तापत होती. प्रेरणा रोज वडी बदलायची, पण तार मे महिन्यात एकदा बसवली ती बसवली, असं ती धरून चालली होती.

मागे कोंडाजी उभा होता. त्याने वाकून पाहिलं आणि तो हळूहळू खाली बसला.

"ताई, ह्ये मीच केलंय."

"काय?"

"ताट आत जात नव्हतं. शेंगदाण्याचं. तार मदी यायची. म्हनून जरा कडंला सरकवली. हलक्या हातानं. मोडली न्हाई हां!"

प्रेरणाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. सोळा अंशांचा शोध ज्या ताटाने लावला, ज्या दाण्यांनी लावला, त्यांची चिक्की तिने स्वतः खाल्ली होती. चूक पकडणारा आणि चूक करणारा असा एकच माणूस तिच्यासमोर उकिडवा बसून, भट्टीत वाकून, तार पुन्हा मधे आणत होता, आणि तोंडाने म्हणत होता, "चार बोटं. चार बोटांत सोळा अंश. बघा की."

सुहास सरांना तिने संध्याकाळी सांगितलं. त्यांनी आधी खुर्ची, मग चष्मा आणि मग विषय बदलायचा प्रयत्न केला.

"गुरुवार होऊ दे," ते म्हणाले. "सेमिनार झाल्यावर तपासू ना. भट्टी काय पळून जातेय?"

"सर, दोन्ही वड्यांचं शिखर एकाच जागी येतंय."

"पण साध्या वडीचं आजचं मोजमाप आपण सेमिनारमध्ये कुठे दाखवतोय? मे महिन्याचं दाखव. मे महिन्यात एकशे एकवीस आलं, हे खोटं आहे का? जुलैत एकशे सदतीस आलं, हे खोटं आहे? दोन्ही खरं आहे! आणि हे बघ, ती जागा पुन्हा सहा वर्षं निघणार नाही."

दोन खऱ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवून खोटं कसं तयार होतं, हे प्रेरणाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. विज्ञानाचं शिक्षण म्हणतात ते बहुधा हेच. बुधवारची रात्र तिने काढली कशी, ते तिलाच माहीत.

गुरुवारी सकाळी फाटकापाशी कोंडाजी तिची वाट बघत होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"ताई, काय सांगायचं ते सांगा. पर इचारलं तर माजं नाव सांगा. लपवू नका. मला काय, पुढच्या वर्सी रिटायरच हुयाचंय."

"तुमचं नाव नाही येणार भाऊ."

"का? चूक माजी, पकडली मी, आन नाव न्हाई?"

प्रेरणा घड्याळाकडे बघत आत निघाली.

तज्ज्ञांपैकी एक गृहस्थ खुर्चीत बसताक्षणीच डोळे मिटून विचार करू लागले ते शेवटपर्यंत विचार करत राहिले. दुसऱ्या बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, समोर वही उघडून बसलेल्या. प्रेरणाने लोहगडासारखी पहिली रेघ पडद्यावर दाखवली. मग दुसरी, सोळा अंश पुढे. सुहास सरांनी मान डोलावली. प्राचार्यांनी टाळी वाजवायला हात उचलले. आणि मग प्रेरणाने तिसरी रेघ दाखवली. साध्या वडीची, मंगळवारची. ती दुसऱ्या रेघेवर अशी चपखल बसली होती की पडद्यावर एकच रेघ दिसत होती.

"म्हणजे शिखर सरकलेलं नाही," ती म्हणाली. "तापमापक तार सरकली होती. जुलैचे माझे सगळे आकडे चुकीचे आहेत."

प्राचार्यांचे हात हवेतच राहिले, तसेच ते हळूच मांडीवर आले.

"कसं लक्षात आलं?" बाईंनी विचारलं.

"गुळाच्या पाकाने."

बाईंनी चष्मा काढला. "आणि तार कशी सरकली?"

"पावसाळी देखभालीच्या कामात," प्रेरणा म्हणाली. हे वाक्य तिने गाडीत वडगावपासून मळवलीपर्यंत घोकलं होतं.

नेमका तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन कोंडाजी आत आला होता. तो जागेवर थांबला. "देखभाल कुटली बाई," तो म्हणाला, "शेंगदाणं माजं हुतं."

पुढची दहा मिनिटं सेमिनार कोंडाजीनेच दिला. मोठा ओव्हन, दुरुस्तीचा अर्ज, ताट, तार, दाणे, गूळ, सगळं क्रमाने. दुरुस्तीच्या अर्जाशी प्राचार्यांना ठसका लागला. बाई वहीत लिहून घेत होत्या.

"गोळीबंद म्हणजे किती म्हणालात?"

"एकशे वीस. मशीनवर वर्सभर ताडून बघितलंय."

"आणि तुमच्या बोटाची चूक किती धरायची?"

कोंडाजीने विचार केला. "दोन अंश. हिवाळ्यात एक."

"एवढी चोख चूक गेल्या दहा सेमिनारांत मला कुणी सांगितलेली नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रेरणाच्या पाठीवर हात ठेवला, तिच्या प्रामाणिकपणाचं सगळ्यांसमोर फार कौतुक केलं, ट्रेमधली चिक्की दोनदा घेतली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सर्व मोजमापे पुन्हा करावीत, सहा महिन्यांनी यावे.

फ्लेक्स त्याच दुपारी उतरवला. तो कोंडाजीने मागून घेतला आणि शेंगदाण्यांच्या पोत्यावर टाकला. उलटा टाकला, सरांचा मान राखून. भट्टीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत असा लेखी आदेश निघाला आणि भट्टीला कुलूप लावण्यात आलं. त्याची किल्ली नियमानुसार प्रयोगशाळा परिचराकडे असते. मोठ्या ओव्हनच्या दुरुस्तीचा अर्ज अजून ऑफिसात आहे.

प्रेरणाने सगळ्या वड्या पुन्हा मोजल्या. दर वेळी दार लावण्याआधी कोंडाजी वाकून तार बघायचा आणि "चालू द्या" म्हणायचा. कॅल्शियमच्या वडीचं शिखर एकशे एकवीसवर आलं. चिमूटभर कॅल्शियमने शिखर फारसं हलत नाही, हे पुस्तकांत आधीपासून होतं.

मुलाखती ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात झाल्या आणि ती जागा भरली. प्रेरणाचा प्रबंध त्यानंतर पाच महिन्यांनी सादर झाला.